दीपगृहाच्या डाव्या खांद्याला

४ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

नऊ वर्षं पत्र लिहिलं नाही, त्याची माफी मागतो. ही ओळ मी तीनदा लिहून खोडली. पहिल्यांदा 'कामाच्या गडबडीत राहून गेलं' असं लिहिलं होतं. नऊ वर्षांची गडबड कोणाला असते? मग 'पत्ता नव्हता' असं लिहिलं. पत्ता नव्हता हे खरं, पण मी तो कोणाला विचारलाही नव्हता. बर्फाच्या गाडीचा ड्रायव्हर आठवड्यातून दोनदा तुमच्या बंदरावर जातो आणि येताना संस्थेच्या दारात उभा राहून चहा पितो. त्याला विचारायचं धाडस व्हायला मला इतका वेळ लागला. त्याने पत्ता तोंडपाठ सांगितला. म्हणाला, "मासळी निवडायच्या शेडमध्ये असते. पायात गमबूट, तोंडात शिव्या. चुकायची नाही."

शिव्यांचं ऐकून मला फार बरं वाटलं.

मी अजून मच्छीमार संस्थेचा चिटणीस आहे. टेबल तेच, खिडकी तीच, पंखा तोच, आवाज मात्र वाढला आहे. तुझी वहिनी बालवाडीत शिकवते आणि घरीही सगळ्यांना बालवाडीतलंच समजते. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. तुला कळवायला हवं होतं. कळवलं नाही, आणि त्याला कारण म्हणण्यासारखं काही माझ्यापाशी नाही.

आता कामाचं. सरकारचं नवं धोरण आलं आहे. किनाऱ्यापासून पाच मैलांच्या पाण्यात यापुढे पहिला हक्क इथल्या माणसांचा. बाहेरच्या मोठ्या बोटींना त्या पट्ट्यात मनाई. बाबांच्या पिढीने ज्यासाठी अर्ज करकरून शाई संपवली, ते शेवटी झालं. पण परवाना नुसत्या जन्मावर मिळत नाही. गेल्या पंधरा वर्षांतली कोणतीही सलग तीन वर्षं जो स्वतः समुद्रावर गेला आणि यापुढेही स्वतः जाऊ शकेल, त्यालाच. बाबांचा हक्क त्यामुळे गेला. माणूस सध्या पोटापाण्यासाठी बाहेरगावी असला तर चालतं, मात्र त्याने स्वतः येऊन हजर व्हायला हवं. यादी एकदाच होणार आहे. ३१ ऑक्टोबरला ती बंद झाली की ज्याचं नाव नाही त्याला या पाण्यात पुन्हा जाळं टाकता येणार नाही.

तुझं नाव त्यात असावं असं मला वाटतं. अर्ज सोबत आहे. सही कर आणि ये. नुसती सही करून पाठवलीस तरी निदान सुरुवात होईल.

रोजनिशी मी अजून लिहितो. शेवटी 'उद्या' लिहून एकच काम नोंदतो. तू म्हणायचीस, "दादा, एक काम करायला तुला आख्खा दिवस लागतो, आणि ते लिहायला आदला दिवस." आजच्या पानावर आहे: 'उद्या: पत्र टाकणे.'

तुझा,
दादा


२० सप्टेंबर

प्रिय धाकटे,

उत्तर नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. म्हणजे धरलं होतं. पोस्टमनची सायकल वळणावर वाजली की मी फाइलमध्ये डोकं घालून बसतो, वाट बघतोय हे कोणाला दिसू नये म्हणून.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट हातची राखली. तुझ्या नावासमोर किती दिवस निघतात ते लिहिलं नाही. तुझ्या नावासमोर एकही दिवस नाही.

कच्ची यादी काल फळ्यावर लागली. आपल्या होडीच्या नंबरापुढे माझं नाव आहे. सलग तीन वर्षांत मिळून समुद्रावरचे दिवस चारशे एकतीस. धक्क्याला बांधलेल्या होडीत बसलं तरी ज्याला बोट लागते, तो मी चारशे एकतीस दिवस समुद्रावर होतो. सरकारी शिक्क्यानिशी.

हे कसं झालं ते तुला सांगायला नको, पण मला एकदा स्वतःच्या हाताने लिहायचं आहे. संस्थेचा नियम होता की एका होडीवर दोन नावं, बापाचं आणि मुलगा असेल तर मुलाचं. पहाटे बाबांबरोबर तू जायचीस. नोंदवहीत बाबांच्या खाली मी माझं नाव लिहायचो, माझ्या अक्षरात, दौतीतल्या शाईने. तू ओल्या कपड्यांनी टोपली घेऊन खिडकीसमोरून जायचीस तेव्हा कितीदा शाई अजून वाळलेलीही नसायची.

तू गेलीस त्या आठवड्याचं रोजनिशीचं पान काढून वाचलं. लिहिलं आहे: 'आज धाकटीने नोंदवहीतल्या नावाचा विषय काढला. तिला नियम समजावून सांगितला.' बस्स. मी नियम समजावून सांगितला! तू विचारलंस, "दादा, मी रोज कुठे जाते हे तुला माहीत आहे ना? मग लिही की तेवढंच." बाबा म्हणाले, "नोंदवहीत कोणाचं नाव आहे ते माशाला वाचता येतं का?" मी हसलो. ते मी रोजनिशीत लिहिलेलं नाही. तू ताटावरून उठलीस, आणि तिसऱ्या दिवशी बर्फाच्या गाडीत चढलीस. बाबा म्हणाले, "गेली ती गेली." मी नोंदवही उघडून बसलो.

आता जिल्ह्याच्या ऑफिसातून पडताळणीसाठी एक मॅडम आल्या आहेत. बाहेरच्या बोटवाल्यांनी इथल्या लोकांची नावं पुढे करून अर्ज भरलेत, ती बेनामी नावं त्यांना गाळायची आहेत. बैठकीत त्या 'बेनामी' म्हणाल्या की मी दर वेळी चष्मा पुसत होतो. पडताळणीची रीत साधी आहे. होडीत मशीन ठेवतात, पाण्याची खोली दाखवणारं. अर्जदाराने आपली मासे मारायची एक जागा दाखवायची. जो खरंच जात होता त्याला सापडेल, ज्याने नाव भाड्याने दिलं त्याला नाही.

आपली जागा म्हणजे पाण्याखालचा तो खडक. त्याच्या खुणा बाबांनी तुला सांगितल्या, मला नाही. होडीत बसणाऱ्यालाच सांगायच्या असतात आणि बाहेर बोलायच्या नसतात, हे मला मान्य आहे. मला त्याचा राग कधीच आला नाही. थोडा आला होता.

मी त्या पडताळणीला जाणार नाही. कच्च्या यादीवर हरकत घेणार आहे, माझ्याच नावाविरुद्ध.

दादा


३ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

मी गेलो.

आधी कबुली, मग कारणं. कारणं अशी की हक्क निदान घरात राहील, पुढेमागे तू आलीस तर माझ्या नावावर तू जाशील, पूर्वीसारखी. 'पूर्वीसारखी' हा शब्द मनात आला आणि मला तो चांगला वाटला, यावरून काय ते समज. चेअरमन म्हणाले, "अहो, सगळं कागदोपत्री चोख आहे, तुम्ही कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेता?" मी माझा पाय वाचवला.

होडी तांडेलकाकांनी चालवली. बाबांच्या बरोबरीचे तेवढेच आता उरलेत. मी चढताना म्हणाले, "ये रे बाबा, जमिनीवरच्या माशा." मॅडम मांडीवर मशीन घेऊन पुढे बसल्या होत्या, नीट, ताठ, जणू बँकेत आल्यात. धक्का सुटला आणि दहाव्या मिनिटाला मी ओकलो.

"तब्येत बरी नाही का?" मॅडमनी विचारलं.

"सकाळचं काहीतरी बाधलं," मी म्हणालो.

"चारशे एकतीस दिवस बाधतच होतं त्याला," तांडेलकाका सुकाणू धरून आभाळाकडे बघत म्हणाले.

मी हात करून डावीकडे म्हटलं, मग उजवीकडे म्हटलं, मग थोडं पुढे. काका मी म्हणेन तिथे नेत राहिले. मशीनवर बावीस वाव खोल पाणी होतं, सगळीकडे बावीस. सपाट. खडक असता तर आकडा एकदम नवावर आला असता. मी किनाऱ्याकडे वळून बघितलं. तू बघायचीस तिथून गाव कसं दिसतं हे मी चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा बघत होतो, आणि मला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. दीपगृह, बर्फ कारखान्याचं छप्पर, टेकडी. सगळं ओळखीचं, आणि अनोळखी भाषेत लिहिल्यासारखं.

मॅडमनी मशीन बंद केलं. हळू आवाजात म्हणाल्या, "चिटणीस, हे दिवस कोणाचे आहेत?"

"माझ्या बहिणीचे," मी म्हणालो. आणि पुन्हा ओकलो.

संध्याकाळी मी लेखी जबाब दिला. चारशे एकतीस दिवस तुझे, खोटी नोंद माझी, हस्ताक्षर माझं. माझं नाव खोडलं गेलं. चेअरमन माझ्याशी बोलत नाहीत. नोंदवहीत खोटं लिहिणारा चिटणीस ठेवायचा की नाही, हे पुढच्या महिन्यात सभेत ठरेल. वहिनी म्हणाली, "नऊ वर्षांनी का होईना, तुम्ही एक काम एका दिवसात केलंत."

मॅडमनी सांगितलं की आता ते दिवस कोणाचेच नाहीत. ३० ऑक्टोबरला पडताळणीची शेवटची होडी निघेल. तू येऊन जागा दाखवलीस तर तुझे. नाहीतर आपल्या होडीचा नंबर कायमचा रद्द.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहावी की नाही यात दोन दिवस गेले, कारण ती लिहिणं म्हणजे तुझ्यावर जोर टाकणं. न लिहिणं म्हणजे पुन्हा लपवणं. दोन्हींत कमी वाईट काय ते मला ठरवता आलं नाही, म्हणून खरं ते लिहितो.

बाबांचं बोलणं गेलं असं मी लिहिलं होतं. पूर्ण गेलेलं नाही. एक शब्द राहिला आहे. पाणी हवं असलं की तो म्हणतात, पाठ दुखली की तो, दार लावा म्हणायचं असलं तरी तोच. डॉक्टर म्हणतात की असं होतं, एखादाच शब्द जिभेवर राहून जातो, त्याला अर्थ असतोच असं नाही. सात वर्षं त्यांनी तो शब्द घरात कोणाला उच्चारू दिला नव्हता.

तो शब्द 'धाकटी' आहे.

दादा


१६ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनसमोरच वाचलं, फाइल वगैरे काही नाही. तुझं अक्षर अजून तसंच आहे, प्रत्येक ओळ वर चढत जाते. आठ वेळा वाचलं असेल. पुन्हा इथे उतरवतो, मला ते माझ्या हाताने लिहून बघायचं आहे:

'दादा, तू तुझं नाव परत लावून घे. मला इथे सुट्टी मिळत नाही. खूण लिहून देते, कोणाला सांगू नको, बाबा ओरडले असते. होडीतून बघताना बर्फ कारखान्याचं छप्पर किनाऱ्यावरच्या काळ्या खडकाच्या खाचेत बसलं पाहिजे. आणि टेकडीवरची पाण्याची टाकी दीपगृहाच्या डाव्या खांद्याला टेकली पाहिजे. दोन्ही एकदम जमलं की खाली खडक. बाबांची काळजी घे.'

तू ती खूण मला दिलीस. ज्याने तुझे दिवस घेतले, त्यालाच. मी कार्ड घेऊन बराच वेळ मागच्या पायरीवर बसून होतो. मोह झाला नाही असं लिहिणार होतो. झाला. मॅडमकडे जाऊन दुसरी संधी मागता येईल, असा विचार डोक्यात येऊन गेला. चहा गार होईपर्यंत तो टिकला.

पण धाकटे, टाकी नाही.

चार वर्षांपूर्वी नवी नळयोजना आली आणि जुनी टाकी पाडली. गळत होती, कोणी हरकत घेतली नाही. ग्रामसभेच्या ठरावावर माझी पण सही आहे. ती कोणासाठी आणखी कशाची खूण असेल हे माझ्या मनातही आलं नाही. पाण्याची टाकी म्हणजे पाण्याचीच, मला एवढंच कळत होतं. बाबा मात्र त्या दिवशी टेकडीवर जाऊन बसले होते. जेवायलाही आले नाहीत. मला वाटलं, म्हातारपण. त्यानंतर ते त्या खडकावर कधी गेले नाहीत, किनाऱ्याजवळच जाळं टाकून परत यायचे. कोणाला काही बोलले नाहीत. खूण बाहेर बोलायची नसते ना.

म्हणजे तू जे गाव डोळ्यांत घेऊन गेलीस, त्याची एक कड इथे आता नाही. तुला हे पत्रातून कळावं याचं मला वाईट वाटतं. मी काल टेकडीवर चढून बघून आलो. चौथरा आहे, गवतात. त्यावर उभं राहिलं की दीपगृह समोर खाली दिसतं, आणि त्याच्या पलीकडे नुसतं पाणी, कुठेही बोट ठेवा, सारखंच. मी तिथे उभा राहून तुझ्या बाजूने बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पण तू तिथून इकडे बघत असशील, असं वाटत राहिलं.

मी नाव परत लावून घेणार नाही. खूण लागली असती तरी घेतलं नसतं. निदान आज असं म्हणू शकतो. दिवस तुझे आहेत. तू आली नाहीस तर ते तसेच पडून राहतील, कोणाचेही नसलेले, पण माझे होणार नाहीत.

सुट्टी मिळत नाही हे कळलं. मी आग्रह करणार नाही. ये.

दादा


२९ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

हे पत्र टपालात जाणार नाही. तू शंभर पावलांवर आहेस. संस्थेच्या खिडकीतून मला दिसते आहेस, आपली होडी उलटी करून तिच्या पोटाला काहीतरी फासते आहेस, आणि बाबा खुर्चीत बसून डाव्या हाताने कुठे ते दाखवताहेत. ऊन उतरलं आहे. तरी लिहितो आहे, कारण समोर आलीस की मी नियम समजावून सांगायला लागतो.

दुपारी बर्फाच्या गाडीतून तू उतरलीस तेव्हा मी धक्क्यावर नव्हतो. मी रोज जात होतो, आजच गेलो नव्हतो. तू सरळ खिडकीशी आलीस, जिथे नोंदवही असते तिथे.

"टाकी खरंच पाडलीत," तू म्हणालीस. नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

"हो."

"मला वाटलं, मला बोलवायला काहीतरी लिहितोयस. म्हटलं, बघून येऊ, आणखी काय काय पाडलंत."

तुझ्या कानाशी केस पांढरे झालेत. हात थंडीने फुटलेत, बर्फातल्या कामाचे. मी चारशे एकतीस म्हणालो, दुसरं काही सुचलं नाही.

"चारशे तेहतीस," तू म्हणालीस. "दोन दिवस रिकाम्या हाताने आलो होतो. मासळी नाही म्हणून तू लिहिलेच नव्हतेस."

तू मोजत होतीस. मी इतकी वर्षं समजत होतो की मोजणारा घरात मी एकटाच.

मग घरी बाबा. मी दारातच थांबलो. ते तुझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "धाकटी."

तू त्यांच्यासमोर उकिडवी बसलीस. "पाणी हवंय की मी?"

"धाकटी," बाबा म्हणाले.

तू त्यांना पाणी दिलंस, आणि तिथेच बसून राहिलीस. वहिनी माझ्या कानाशी पुटपुटली, "आता तुम्ही आत जाऊ नका." मी गेलो नाही.

जेवताना उद्याचा विषय निघाला. एक खूण शाबूत आहे, छप्पर आणि काळा खडक. त्या रेषेवर होडी ठेवायला तुला डोळे मिटूनही जमेल. पण रेषेवर कुठे थांबायचं, हे टाकीशिवाय कळणार नाही. "उंच काहीतरी हवं," तू बोटाने ताटात रेघ ओढत म्हणालीस. "टेकडीवर, बरोबर तिथेच. चार हात इकडेतिकडे झालं की गेलं."

"तुमचा दादा उंच आहे," वहिनी म्हणाली. "बाकी कशाला उपयोग नाही."

सगळे हसले. बाबासुद्धा, तोंडाच्या एका बाजूने. नंतर तू हसायची थांबलीस आणि माझ्याकडे बघितलंस, होडीतून किनाऱ्याकडे बघत असशील तसं, माप घेत.

"चौथरा आहे म्हणालास ना?"

"आहे."

"मधोमध उभा राहशील? हलायचं नाही. मला सापडेपर्यंत."

"मला उभं राहता येतं," मी म्हणालो. "जमिनीवर."

बाबांचं जुनं शीड माळ्यावरून काढलं आहे. लाल आहे, विटलेलं, पण मोठं. तांडेलकाकांनी बांबू दिला, वीस फुटी. त्यांनी विचारलं, "वाऱ्यात धरवेल का रे तुला?" मी धरेन म्हणालो. काका म्हणाले, "ओकलास तर खाली ओक, शिडावर नको."

तुला दोनच दिवसांची सुट्टी आहे. परवाना मिळाला तर राहशील का, हे मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क माझ्या नावावर नाही. तू होडीच्या तळाला हात फिरवते आहेस, आणि मला इथून तुझी नुसती पाठ दिसते. पाठीवरून काही कळत नाही. पण इतक्या वर्षांत खिडकीत ती पाठच नव्हती.

आता रोजनिशीचं पान.

उद्या: साडेसहाच्या आत शीड बांधलेला बांबू घेऊन टाकीच्या चौथऱ्यावर मधोमध उभं राहणे.